सँक्शनआधीचा खड्डा

१७ एप्रिल १९८६. सकाळचं दूध टेम्पोनं परंड्याला गेलं होतं आणि मी आदल्या दिवशीचे रिकामे कॅन घासत बसले होते. कॅन पाच, पाणी दीड घागर. पहिल्या कॅनमध्ये सोड्याचं गरम पाणी घालायचं, काथ्यानं घासायचं, तेच पाणी दुसऱ्यात, तेच तिसऱ्यात. पाचव्यापर्यंत ते ताकासारखं दिसू लागे. उरलेली अर्धी घागर विसळायला. एवढ्या पाण्यात कॅन स्वच्छ निघत नाहीत हे मला माहीत होतं आणि शीतकरण केंद्रालाही. त्या महिन्यात त्यांनी आमचं दूध दोनदा आंबट म्हणून परत केलं होतं. तिसऱ्यांदा तसं झालं तर या गावाचं संकलन बंद, असं लेखी कळवलं होतं.

पोस्टमननं पाकीट दिलं. हात पदराला पुसून मी उघडलं. विहिरीबद्दलचं पत्र होतं. आमच्या महिला दूध संस्थेनं स्वतःच्या जागेत विहिरीसाठी प्रस्ताव दिला होता. जिल्ह्याची मंजुरी मिळण्याआधी ओव्हरसियर १९ तारखेला जागा पाहायला येतील, असं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती : मंजुरीपूर्वी काम सुरू केल्याचे आढळल्यास प्रस्ताव रद्द समजण्यात येईल.

पत्र वाचून मी मान वर केली. दूधघराच्या मागं, पन्नास पावलांवर, आमची विहीर खणणं चालू होतं. आठ दिवस झाले होते. माणूसभर खोल गेली होती.

हे माझ्यामुळं झालं होतं. कसं, ते सांगायचं तर आधी एका शब्दाबद्दल सांगावं लागेल.

सँक्शन हा शब्द आमच्या भागातल्या बायांना बाहत्तरच्या दुष्काळात ऐकू येऊ लागला. खडी फोडायच्या कामावर मुकादम सांगायचा, पुढच्या रस्त्याचं सँक्शन यायचंय. टँकरचं सँक्शन अडकलंय. शब्द आधी कानाला कळला, अर्थ मागून आला. सँक्शन येतं, अडकतं, पडून राहतं, फिरत राहतं, एखाद्या साहेबाच्या बदलीबरोबर निघूनही जातं. शाळेतल्या गुरुजींच्या कोशात मी एकदा तो शब्द काढून पाहिला. मंजुरी, मान्यता, अनुमोदन असं दिलं होतं. हे शब्द काही आम्हाला नवे नव्हते. पण मंजुरी म्हटलं की देणारा माणूस समोर येतो. त्याला हात जोडता येतात, त्याच्याशी भांडता येतं. सँक्शन कुणी दिलं असं कुणी म्हणत नाही. ते झालं म्हणतात, किंवा झालं नाही म्हणतात. पाऊस झाला, नाही झाला, तसंच.

बायांनी मात्र त्या शब्दाला घरात आणून बसवलं होतं. मी मीटिंगला बोलावलं की उत्तर यायचं, घरचं सँक्शन आलं तर येते. आमच्यात दोन म्हशींवाली एक बाई होती. पंचविशीची, तोंडानं फटकळ, दूध मात्र चोख. ती म्हणायची, “आमच्याकडं दोन टेबलं हायत. सासूबाईच्या टेबलावरनं फाइल हालली की मालकाच्या टेबलावर पडून ऱ्हाती.” सगळ्या हसायच्या. मग एखादी माझ्याकडं वळून म्हणायची, तुमचं बरं हाय बाई, तुमाला कुणाचं सँक्शन लागत न्हाय.

मीही हसत असे. खोटं काय होतं त्यात? मी त्या गावची नाही. एकोणीस वर्षांची असताना नवऱ्यानं दुसरी केली आणि मी तिथून निघाले. आई-वडील आधीच गेले होते. बहीण जळकोटला दिलेली, तिच्याकडं राहून दहावी केली. दूध संस्थेत सचिवाची जागा निघाली तेव्हा इकडं आले. दूधघराला लागून एक खोली होती, तीत सात वर्षं झाली होती. कधी उठावं, काय खावं, दिवा कधी मालवावा हे मला कुणी सांगत नव्हतं. एकदा तीन दिवस तापात होते. दूध मोजायच्या दोन वेळा तेवढ्या उठले, बाकी वेळ पडून राहिले, जेवले नाही. तेव्हाही कुणाचं सँक्शन लागलं नाही.

बहीण दर उन्हाळ्यात कार्ड पाठवायची, आठ दिवस ये. मी कळवायचे, दूध कोण घेईल? दूध घ्यायला कुणाला शिकवावं, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. शिकवलं नव्हतं एवढं खरं.

तर विहीर. पाण्याला बायांना पाऊण कोस जावं लागत होतं. त्यातलं घागरभर पाणी प्रत्येकीनं आळीपाळीनं दूधघराला द्यायचं असं ठरलं होतं. प्यायच्या पाण्यातलं पाणी कॅनला द्यायचं म्हणजे घरात बोलणी खावी लागतात. घागरी कमी होत गेल्या आणि दूध आंबू लागलं. संकलन बंद झालं असतं तर चाळीस घरांतल्या बायांच्या हातातलं जे काही होतं ते गेलं असतं, आणि माझी खोलीही.

एप्रिलच्या सुरुवातीला मी प्रस्तावाची चौकशी करायला तालुक्याला गेले. टेबलावरचा क्लार्क बरा माणूस होता. फाइल उघडून म्हणाला, इथलं झालंय, आता जिल्ह्याला गेली, पण झाल्यासारखंच समजा.

दुपारच्या एसटीनं परत आले. फाट्यावर उतरले तर लिंबाखाली बाया बसलेल्या. दहा-बारा जणी. चेअरमनबाईही होत्या. साठीच्या, कमरेतून थोड्या वाकलेल्या, नाकात मोठी नथ. संस्था त्यांनीच काढलेली. सगळं गाव त्यांना आत्या म्हणे, मीही म्हणे. फाट्यापासून गाव मैलभर आहे. एवढ्या उन्हात त्या माझी वाट पाहत बसल्या होत्या. सात वर्षांत मला घ्यायला फाट्यावर कुणी आलं नव्हतं.

आत्यांनी विचारलं, “बाई, झालं का सँक्शन?”

मी म्हणाले, “झालं.”

एवढाच शब्द. ‘झाल्यासारखंच’ आणि ‘समजा’ हे दोन्ही मी एसटीत ठेवून आले. वाटेत त्यांनी माझी पिशवी धरली. एकीनं चहाला नेलं. मी गेले, चहा घेतला. मनात म्हटलं, आठ दिवसांत कागद येईलच, तोवर काय बिघडतं.

आमच्या भागात विहिरीची जागा पाणाड्या दाखवतो. त्या जागेवर नारळ फोडला की ती जागा रात्रभर तशीच ठेवत नाहीत. त्याच दिवशी कुदळ लागायला पाहिजे. ठेवली तर खालचं पाणी वाट बदलतं म्हणतात. मला हे माहीत नव्हतं. बाया उद्या नारळ फोडू म्हणाल्या तेव्हा माझ्या हिशेबानं तो आनंदाचा नारळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध मोजून मागं गेले तर पाणाड्यानं खूण केली होती, नारळ फुटला होता आणि बायांचे नवरे, दीर, भाऊ दहा-बारा जण कमरेला पंचे गुंडाळून खणत होते. मी तिथंच सांगायला हवं होतं. एका म्हाताऱ्यानं मला बोलावून खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. मी तो खाल्ला आणि कॅन धुवायला गेले.

आता पत्र हातात होतं. पाचवा कॅन तसाच ठेवून मी आत्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. क्लार्क काय म्हणाला, मी काय सांगितलं, पत्रात काय आहे. त्या शेंगा फोडत होत्या. फोडतच राहिल्या. सूप अर्धं भरल्यावर म्हणाल्या, “म्हंजी तुमीच सँक्शन दिलं म्हना की.”

मी व्हय म्हणाले.

त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. सायंकाळच्या दुधाला सगळ्या येतात, तेव्हा बोलू म्हणाल्या.

सायंकाळी दूध घालून झाल्यावर कुणी घरी गेलं नाही. आत्यांनी थोडक्यात सांगितलं : परवा साहेब येणार, त्याला जमीन सपाट दिसली पाहिजे, उद्या खड्डा बुजवायचा. कागद आला की पुन्हा खणायचा.  पुरुषांची आठ दिवसांची मेहनत जाणार, याचं कुणाला एवढं वाटलं नाही. नारळ फोडून उघडलेलं विहिरीचं तोंड पाणी लागायच्या आत मिटवायचं नसतं. मिटवणाऱ्याच्या घरातलं माणूस जातं. कुणाच्या तरी माहेरी असंच झालं होतं, पहिलं घमेलं टाकणाऱ्याचा मुलगा श्रावण पाहू शकला नव्हता. दुसरीनं विचारलं, पुरुषांनी टाकलं तर? त्यांना दोष लागत नाही का, त्यांनाही पोरंबाळं आहेत. दोन म्हशींवाली म्हणाली, “सायबालाच टाकाया लावा.” या वेळी कुणी हसलं नाही.

बराच वेळ तेच चाललं. मी लॅक्टोमीटर पुसून डब्यात ठेवला, वही मिटली. मग आत्या बोलल्या. माझ्याकडं न बघता, समोरच्या कॅनकडं बघत.

“करनाराला सोताला दोष लागत न्हाय. त्याच्या चुलीवरच्या दुसऱ्या मानसाला लागतो. ज्याच्या चुलीवर दुसरं मानूस न्हाय, त्यानं पयलं घमेलं टाकावं. मागनं मग कुनीबी टाका.”

एकीनंही माझ्याकडं पाहिलं नाही. त्यावरूनच मला कळलं.

मी हिशोबी बाई आहे. मनात गावातली घरं मोजली. एक विधवा म्हातारी होती, पण तिच्याजवळ नातू होता. देवळातला गुरव एकटाच, पण त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. म्हणजे खरंच मी एकटीच होते. गावानं हे आधीच मोजून ठेवलं होतं, फक्त मला आज सांगितलं. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. हिशोब बरोबर होता.

“टाकते,” मी म्हणाले.

आत्या उठल्या, जवळ आल्या. त्यांचा आवाज थोडा खाली आला. “राग मानू नका, बाई. तुमाला कुनाला इचारायचं असंल तर इचारून घ्या.”

“कुणाला विचारू, आत्या?”

त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर दोनदा फिरला. खरंच आठवून बघत असाव्यात. मग किटली उचलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध रवाना करून मी खड्ड्यावर गेले. सगळे आलेले होते, काठापासून लांब उभे. बायांनी पोरं घरी ठेवली होती. मी ढिगाऱ्यातला मुरूम घमेल्यात भरला. पूर्ण भरला, अर्धवट काम मला आवडत नाही. डोक्यावर घ्यायची गरज नव्हती, कमरेवर घेतलं, काठावर गेले आणि ओतलं. मुरूम खाली पडल्याचा आवाज आला.  मग दुसरं घमेलं भरलं, कारण अजून कुणी पुढं आलं नव्हतं. तिसरंही मीच टाकलं. चौथ्याला दोन म्हशींवाली आली, मग तिच्या मागून पुरुष फावडी घेऊन आले. दुपारी उन्हाचं थांबलो, चार वाजता पुन्हा लागलो. दिवस मावळायच्या आत जमीन सारखी झाली. वरून काड्याकचरा टाकला, दोन बैलजोड्या फिरवल्या. लांबून पाहिलं तर काही कळत नव्हतं.

जवळून कळत होतं. माती बुजवली की ती काही दिवस श्वास घेतल्यासारखी वर राहते.

१९ तारखेला अकरा वाजता ओव्हरसियर मोटारसायकलवरून आले. पन्नाशीचे गृहस्थ, पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात लांब दांड्याची छत्री. आत्यांनी जागा दाखवली. ते चालत मधोमध गेले आणि थांबले. पायाखाली मऊ लागलं असणार. छत्री मिटून त्यांनी टोक जमिनीत दाबलं. ते वीतभर आत गेलं. आणखी दाबलं, आणखी गेलं. मग चार पावलं बाजूला जाऊन तिथं दाबलं. तिथं टोक टेकूनच राहिलं.

“इथं काय होतं?”

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. जुना उकिरडा होता म्हणून सांगायचं असं सकाळी ठरलं होतं. मला ते सांगवलं असतं. एकदा खोटं बोलून झालं होतंच. पण एका खोट्यापायी आठ दिवस खणलं आणि एक दिवस बुजवलं, आता आणखी कुणाला काय करावं लागेल ते दिसत नव्हतं.

“खड्डा होता, साहेब. माणूसभर खोल. मी बुजवला.”

“तुम्ही? एकटीनं?”

“पहिलं घमेलं मी टाकलं. सँक्शन झालं असं गावात मीच सांगितलं होतं. झालेलं नव्हतं. यांना माहीत नव्हतं.”

ते छत्रीच्या टोकाची माती पुसत वळले. दूधघराच्या सावलीत येऊन बसले, पाणी मागितलं. मी कॅनसाठी ठेवलेल्या घागरीतलं दिलं. तांब्या रिकामा करून त्यांनी आत डोकावलं. उलटे ठेवलेले पाच कॅन पाहिले, एकाचं झाकण नाकाजवळ नेऊन परत ठेवलं. घागरीत किती उरलंय तेही पाहिलं.

“ही जागा मी पाहिलेली नाही,” ते म्हणाले. “दुसरी दाखवा. वीस हात पलीकडं, कुदळ न लागलेली.”

पाणाड्या कुरकुरला. पाणी तिथं नाही, इथं आहे म्हणाला. आत्यांनी त्याला हातानंच गप्प केलं. वीस हात पूर्वेला ओव्हरसियरनी चुन्याचं कडं काढलं. कागद मांडीवर घेऊन लिहिलं आणि खाली नाव टाकलं. “मी सही करतोय. कागद आठवड्यात येईल. हातात पडेपर्यंत नारळ घरात ठेवा,” असं आत्यांना सांगून गेले. (त्या जागेला पुढं पाणी लागलं. तीन परस, म्हणजे तीन माणसांच्या उंचीइतकं, जास्त खणावं लागलं आणि चव मचूळ निघाली, पण कॅनला चव लागत नाही.)

मोटारसायकल दिसेनाशी झाल्यावर बायांना एकदम वाचा फुटली. नारळ कुणी आणायचा, पूजा कुठल्या सवाष्णीनं करायची, पुरुषांना त्या दिवशी जेवण कुठं, सगळं तिथंच ठरू लागलं. मी झाकणं लावत होते. आत्या माझ्याकडं आल्या, एक झाकण उचलून माझ्या हातात दिलं आणि वळल्या. दोन म्हशींवाली बोलली. तिनं निदान माझ्याकडं बघून सांगितलं.

“बाई, नारळाच्या दिवशी तुमचं भाईर कुठं काम असलं तर बघा. तुमी ती माती टाकलीया ना. नव्या तोंडाला आपलं... उगं कुनी बोलाय नगं.”

“बघते,” मी म्हणाले. तिचं चूक नव्हतं. ज्यानं एक तोंड मिटवलं त्यानं दुसरं उघडताना समोर नसावं, हे ओघानंच आलं. दोष लागायला माझ्याजवळ कुणी नव्हतं, पण तो माझ्याजवळ ठेवलेला होता खरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी उठले. दोन म्हशींवालीला आदल्या सायंकाळी लवकर यायला सांगितलं होतं. ती आली. मी लॅक्टोमीटर तिच्या हातात दिला, दुधात सोडायचा कसा, रेघ डोळ्यासमोर धरून वाचायची कशी ते दाखवलं. पहिल्या तीन जणींचं दूध तिनं घेतलं. चुकली नाही. घरचं विचारलंस का, असं मी विचारलं, तर म्हणाली, दोन्ही टेबलांवरनं आलंय.

ती दूध घेत होती तेव्हा मी दाराशी बसून बहिणीला कार्ड लिहिलं. दर वर्षी ती ये म्हणायची आणि मी कारण द्यायचे. यंदाचं तिचं कार्ड अजून आलं नव्हतं. न विचारता पुढच्या आठवड्यात निघाले असते तरी चाललं असतं. बार्शीला गाडी बदलायची, तुळजापूरला बदलायची, जळकोटला उतरायचं. तिनं दार उघडलंच असतं. तरी मी लिहिलं : आठ दिवस यावं म्हणते. येऊ का? तुझ्या घरी विचारून कळव. तू हो म्हणालीस की निघते.

टेम्पो आला. भरलेले कॅन चढवले, रिकामे उतरवून घेतले, कार्ड ड्रायव्हरच्या हातात दिलं आणि परंड्याच्या पेटीत टाकायला सांगितलं. मग पदर खोचला, चुलीवर सोड्याचं पाणी ठेवलं आणि पहिला कॅन घासायला घेतला.